दशावताराची रात्र आणि फास्ट फिल्म

दशावतार हे रात्रीचे नाट्य आहे आणि त्यामुळे त्याचे छायाचित्रण हा मुळातच अपुऱ्या प्रकाशाचा प्रश्न ठरतो. कार्तिक महिन्यापासून पुढे तळकोकणातील ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू होतात, पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर देवळासमोरच्या मांडवात खेळ उभा राहतो, आणि गणपती, सरस्वती व संकासूर यांच्या पूर्वरंगानंतर रंगणारे आख्यान पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालते. या नाट्याला लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात, आणि हार्मोनियम, मृदंग व झांजेच्या साथीवर युद्धाचा प्रसंग उभा राहिला की नटांची हालचाल इतकी वेगवान होते की क्षणभर आधी दिसलेली मुद्रा पुन्हा जशीच्या तशी दिसेल याची खात्री नसते. पूर्वी हा खेळ मशाली आणि दिवट्यांच्या उजेडात होत असे, पुढे गॅसबत्त्या आल्या, त्यानंतर ट्यूबलाइट आणि आता एलईडी दिवे आले. तरीही रंगभूमीसाठी आखलेली प्रकाशयोजना बहुतेक मांडवांत नसते, आणि जो प्रकाश असतो तो प्रेक्षकांच्या डोळ्यांना पुरतो, कॅमेऱ्याला मात्र तोकडा पडतो.

तो किती तोकडा पडतो हे आकड्यांत पाहिल्यास पुढचे विवेचन सोपे होईल. नटाच्या चेहऱ्यावर सुमारे ८० लक्स इतका प्रकाश पडतो आहे असे मानू. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप असून भर दुपारच्या उन्हात ते लाखाच्या आसपास जाते. कॅमेऱ्यात १०० आयएसओचा, म्हणजे कमी संवेदनशीलतेचा, रोल असेल आणि भिंगाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ २ इतके उघडे असेल, तर योग्य प्रकाशनासाठी शटर एक अष्टमांश सेकंद उघडे ठेवावे लागते. त्या अवधीत तलवार उगारणाऱ्या हाताचा धूसर पट्टाच काय तो उमटतो. ४०० आयएसओच्या रोलवर हाच अवधी १/३० सेकंद होतो. कॅमेरा स्थिर धरणाऱ्या सरावलेल्या हाताला तो जमतो, पण नाचणाऱ्या नटाला थांबवण्यासाठी तो पुरेसा नसतो. १६०० वर तो १/१२५ सेकंदावर येतो आणि तेव्हा कुठे संवादाच्या आवेशात वळलेली मान, उंचावलेली भुवई आणि उचललेले पाऊल स्पष्ट उमटू लागते. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या प्रत्येक पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. ४०० पासून १६०० पर्यंतचे अंतर असे दोन स्टॉपचे आहे, आणि हे दोन स्टॉप कुठून आणायचे हाच या विषयाचा गाभा आहे.

फ्लॅश वापरणे हा त्यावरचा सर्वांत सोपा, पण दशावताराच्या बाबतीत सर्वांत अयोग्य उपाय होय. फ्लॅशच्या झोतात मांडवाची खोली नाहीशी होते, रंगवलेल्या चेहऱ्यावरील छटा सपाट होतात, आणि प्रसंगाशी एकरूप झालेल्या नटाच्या व समोर बसलेल्या गावकऱ्यांच्या डोळ्यांवर वारंवार लख्ख उजेड पडत राहतो. जे नाट्य देवासमोर, जत्रेचा विधी म्हणून सादर होते, त्यात असा व्यत्यय आणण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही, असेच मानले पाहिजे. उरतो तो मार्ग अधिक संवेदनशील कृष्णधवल रोलचा, म्हणजे फास्ट फिल्मचा, आणि ती धुताना तिच्याकडून नेहमीपेक्षा जास्त काम करून घेण्याचा. या दुसऱ्या प्रक्रियेलाच रोल ‘पुश’ करणे म्हणतात.

पुश म्हणजे काय हे समजण्यासाठी फिल्मच्या आत काय घडते ते पाहावे लागते. फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे चांदी आणि ब्रोमीन-आयोडीन यांसारख्या मूलद्रव्यांच्या संयुगांचे, अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यातील चांदीचे काही अणू मोकळे होऊन एका ठिकाणी गोळा होतात. असे साधारण तीन-चार अणू एकत्र आले की तो स्फटिक ‘जागा’ झाला असे समजावे, कारण डेव्हलपर हे रसायन अशाच स्फटिकाचे संपूर्णपणे काळ्या चांदीत रूपांतर करू शकते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या नोंदीला अव्यक्त प्रतिमा म्हणतात. ज्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडलाच नाही, तिथे हा किमान गोळा तयार होत नाही, आणि मग डेव्हलपरमध्ये रोल कितीही वेळ ठेवला तरी तिथे प्रतिमा निर्माण होत नाही; उलट फार वेळ ठेवल्यास प्रकाश न पडलेले स्फटिकही काळे पडू लागतात आणि सगळ्या निगेटिव्हवर एक करडी झाक चढते, तिला फॉग म्हणतात. फास्ट फिल्ममधील स्फटिक आकाराने मोठे असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला अधिक प्रकाश येतो आणि ते लवकर जागे होतात. मात्र त्याच कारणाने छायाचित्रात दाणेदारपणा, म्हणजे ग्रेन, अधिक दिसतो.

आयएसओचा आकडा नेमका याच उंबरठ्याचे माप आहे. ठरावीक पद्धतीने धुतलेल्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये पट्टीच्या मूळ घनतेपेक्षा ०.१ इतकी जास्त घनता, म्हणजे नुकतीच जाणवेल एवढी काळी छटा, उमटवण्यासाठी किती प्रकाश लागतो यावरून तो काढला जातो. याचा अर्थ असा की फिल्मचा वेग हा गडद छायेतला तपशील कुठून सुरू होतो ते सांगतो, उजळ भागांविषयी तो काहीही सांगत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली तर पुशविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आपोआप दूर होतो. ४०० चा रोल १६०० चा आहे असे मानून फोटो काढले आणि नंतर तो जास्त वेळ डेव्हलप केला, तर फिल्मची संवेदनशीलता चौपट होत नाही. उंबरठ्याखाली राहिलेल्या छाया गेल्या त्या गेल्याच. जास्त डेव्हलपिंगमुळे मध्यम आणि उजळ छटा, ज्यांच्यावर मुळात काही प्रकाश पडलेला आहे, त्या अधिक घन होऊन छापण्याजोग्या पातळीवर येतात. परिणामी उजळ आणि गडद यांतील अंतर, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वाढतो. छायांचा तपशील देऊन त्या बदल्यात हालचाल गोठवण्याचा वेग मिळवणे, असा हा व्यवहार आहे, आणि तो करण्यापूर्वी कोणती छाया गमावली तर चालेल हे ठरवणे ही छायाचित्रकाराची खरी जबाबदारी असते.

दशावतारात हा निर्णय संकासुराच्या रूपाने समोर उभा राहतो. पूर्वरंगातले हे पात्र काळ्या वेशात, लोंबत्या लाल जिभेसह येते आणि मालवणी बोलीतल्या विनोदाने प्रेक्षकांना हसवते. ४०० च्या रोलवर दोन स्टॉप पुश केल्यास त्या काळ्या कापडाच्या चुण्या, बुरख्याचा पोत आणि वेशाची घडण यांतले जवळजवळ काहीच उरत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर एक काळी आकृती तेवढी राहते. आख्यानातल्या राजाचा भरजरी अंगरखा, मुकुट आणि रंगवलेला चेहरा मात्र त्याच रोलवर उठून दिसतो, कारण त्याचे सारे सौंदर्य उजळ छटांमध्ये आहे. म्हणून संकासुराच्या प्रवेशासाठी पुश न करता, खरोखरच अधिक वेगाची फिल्म वापरावी किंवा एफ १.४ चे भिंग लावून शटरचा वेग थोडा कमी ठेवावा, आणि युद्धाच्या प्रसंगासाठी मात्र निःशंकपणे पुशचा आधार घ्यावा, हा विवेक कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. रंगांच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आजच्या सर्व फास्ट फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे तांबड्यासह सर्व दृश्य रंगांना प्रतिसाद देणाऱ्या असतात, त्यामुळे पिवळसर दिव्यांखाली ओठांचा, कपाळावरचा आणि त्या जिभेचा लाल रंग अपेक्षेपेक्षा फिका उमटतो. डोळ्याला जे भडक दिसते ते निगेटिव्हवर तसे राहीलच असे नाही.

फास्ट फिल्मची निवड करताना तिची कुळकथा माहीत असणे उपयोगी पडते. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ मध्ये ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये आली आणि तिने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना फ्लॅशशिवाय घरात, सभागृहात आणि रस्त्यावर रात्री काम करण्याची मोकळीक दिली. इल्फर्डची एचपी ५ १९७६ ची, आणि तिची सुधारित आवृत्ती एचपी ५ प्लस १९८९ ची. या दोन्ही फिल्म ४०० च्या आहेत, दोन्हींचा स्वभाव सोशीक आहे आणि दोन स्टॉपपर्यंतचा पुश दोन्ही चांगला सहन करतात. त्यांत एचपी ५ प्लस मुळात थोडी सौम्य कॉन्ट्रास्टची असल्यामुळे पुश केल्यावर ती आटोक्यात राहते, म्हणून मांडवातल्या तीव्र दिव्यांसाठी तिलाच अग्रक्रम द्यावा. कमी खर्चात सराव करणाऱ्यांसाठी इल्फर्डचीच उत्पादक असलेल्या हार्मन कंपनीची केंटमियर ४०० ही फिल्म आहे. भारताची स्वतःची फिल्मही एके काळी होती. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे ‘इंदू’ नावाचे रोल देशभरातल्या स्टुडिओंत वापरले जात. तो कारखाना बंद पडला, आणि आज तळकोकणातल्या खारेपाटणसारख्या गावातल्या छायाचित्रकाराने रोल घेतला तर तो बहुधा इंग्लंड किंवा अमेरिकेहूनच आलेला असतो, म्हणून एकेक फोटो जपून काढण्याला अर्थ आहे.

४०० च्या या फिल्मपेक्षा वेगवान म्हणून दोन फिल्म ओळखल्या जातात. कोडॅकची टी-मॅक्स पी ३२०० ही १९८८ मध्ये आली, २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. इल्फर्डची डेल्टा ३२०० १९९८ पासून मिळते. डब्यावर ३२०० लिहिलेले असले तरी प्रमाणित पद्धतीने मोजलेला त्यांचा वेग १००० च्या आसपासच आहे. ३२०० हा आकडा त्या किती वेगाने वापरता येतील याची सूचना आहे, म्हणजे त्यात पुश आधीच गृहीत धरलेला आहे, आणि त्यासाठीच त्यांचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम सौम्य ठेवलेला आहे. हे ज्याला ठाऊक आहे तो डेल्टा ३२०० ही १६०० वर वापरतो. त्या वेगावर तिच्यात एचपी ५ प्लसपेक्षा सव्वा स्टॉपहून अधिक छाया शिल्लक राहते. संकासुराच्या काळ्या वेशासाठी आणि समईच्या उजेडातल्या आरतीसाठी तीच योग्य. तिचे दाणे मोठे आहेत, परंतु मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याला लागणाऱ्या १२० च्या रोलमध्येही ती मिळते आणि तिथे निगेटिव्ह मोठी असल्याने दाणा खटकत नाही. पी ३२०० मात्र फक्त ३५ मिलिमीटरमध्येच येते.

अपुऱ्या प्रकाशातले सगळेच विषय मात्र फास्ट फिल्मचे नसतात. खारेपाटण हे विजयदुर्गच्या खाडीत वरच्या अंगाला वसलेले जुने बंदर. शिलाहार रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा प्रसिद्ध ताम्रपट इथलाच. अशा गावातल्या जुन्या देवळाचा अंधारा गाभारा किंवा काळ्या पाषाणाची मूर्ती हलत नाही, म्हणून तिथे परवानगी घेऊन तिपाईवर कॅमेरा ठेवावा, पुशचा विचारही करू नये आणि काही सेकंदांचे प्रकाशन द्यावे. काळ्या पाषाणाचे सारे रूप त्याच्या छायांमध्येच असते आणि पुशने नेमक्या त्याच नाहीशा होतात. इथे फिल्मचा आणखी एक गुण आड येतो. प्रकाश फार मंद असेल तर स्फटिकात जमू लागलेले चांदीचे अणू पुरेसे होण्याआधीच पुन्हा विखुरतात, त्यामुळे एका सेकंदाच्या पुढे मीटरने, म्हणजे प्रकाशमापकाने, सांगितलेला वेळ अपुरा पडतो. एचपी ५ प्लसवर मीटरचे १० सेकंद प्रत्यक्षात सुमारे २० आणि ३० सेकंद सुमारे ८५ करावे लागतात. याच खाडीच्या मुखाशी, विजयदुर्गला, २२ जानेवारी १८९८ रोजी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या पथकाने खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांच्या हाती सुमारे दोन मिनिटांची खग्रास अवस्था होती. ग्रहणाच्या छायाचित्रणात सूर्याच्या प्रभामंडलाचा आतला तेजस्वी भाग आणि बाहेरचा अतिमंद भाग एकाच प्रकाशनात बसत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या अवधीची अनेक प्रकाशने द्यावी लागतात. छाया आणि उजेड यांतून निवड करण्याचा प्रश्न या किनाऱ्यावर तेव्हापासूनचा आहे.

रोल धुण्याच्या टप्प्यावर डेव्हलपरची निवड महत्त्वाची ठरते. १९२७ पासून प्रचलित असलेला डी-७६ आणि त्याच घडणीचा आयडी-११ हे सर्वसाधारण कामाचे डेव्हलपर आहेत. मायक्रोफेन हा फेनिडोन या द्रव्यावर आधारलेला डेव्हलपर मात्र छायांमध्ये किंचित अधिक तपशील मिळवून देतो आणि फॉग कमी ठेवतो, म्हणून पुशसाठी तो श्रेयस्कर. एचपी ५ प्लस २० अंश सेल्सियसला पाणी न मिसळलेल्या मायक्रोफेनमध्ये ४०० साठी साडेसहा मिनिटे, ८०० साठी ८, १६०० साठी ११ आणि ३२०० साठी १६ मिनिटे धुतली जाते. आयडी-११ मध्ये ४०० साठी साडेसात, ८०० साठी साडेदहा आणि १६०० साठी १४ मिनिटे लागतात. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत टाकी चार वेळा हळुवार उलटी-सुलटी करावी. जास्त हलवल्याने छाया वाढत नाहीत, उजळ भाग तेवढे आणखी घट्ट होतात.

हे सर्व आकडे २० अंशांचे आहेत आणि कोकणातल्या नळाला किंवा विहिरीला तसे पाणी बहुतेक महिने येत नाही. पाण्याचे तापमान २८ अंश असताना तक्त्यातला वेळ तसाच पाळला तर निगेटिव्ह इतकी काळी होते की छपाईच अशक्य व्हावी. परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या करणे, तापमान २४ अंशांवर स्थिर ठेवणे आणि वेळ सुमारे सत्तर टक्क्यांवर आणणे, हा व्यवहार्य मार्ग होय. ११ मिनिटांच्या जागी मग पावणेआठ मिनिटे पुरतात. वेळ पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ देऊ नये, कारण तेवढ्या कमी अवधीत डेव्हलपर सगळीकडे सारखा काम करत नाही. डेव्हलपर, प्रतिमा पक्की करणारा फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानात मोठा फरक पडला तर जिलेटिन आकसून त्यावर बारीक जाळी उमटते, म्हणून शेवटच्या धुण्यापर्यंत तापमान जवळपास सारखे राखावे.

मांडवात मोजणीची चूक बहुधा काळोखामुळे होते. नटाच्या मागे मिट्ट काळोख असतो, कॅमेऱ्यातले मीटर संपूर्ण चौकटीची सरासरी काढते, जास्त प्रकाश मागते, आणि चेहरा पांढराफटक होतो. म्हणून मोजणी जवळ जाऊन केवळ चेहऱ्यावर, तीही खेळ सुरू होण्यापूर्वी करावी. रंगवलेला चेहरा नैसर्गिक त्वचेपेक्षा उजळ असतो, तेव्हा मीटरच्या आकड्यापेक्षा एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा, आणि दिवे बदलत नाहीत तोवर तोच आकडा रात्रभर कायम ठेवावा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे १/२५० किंवा त्याहून वेगवान शटरवर चित्रात आडवे-उभे पट्टे उमटू शकतात. १/१२५ च्या पुढे न जाणेच हिताचे.

खेळ संपल्यावर रोल लवकर धुवावा, कारण उष्ण आणि दमट हवेत अव्यक्त प्रतिमा हळूहळू फिकी होते आणि पुश केलेल्या रोलमध्ये आधीच कमी असलेली छाया आणखी कमी होते. न वापरलेले फास्ट रोल हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत आणि पावसाळ्यात धुतलेल्या निगेटिव्हच्या डब्यात सिलिका जेल असावे, नाहीतर जिलेटिनवर बुरशी धरते. विमानाने मुंबईला जाणाऱ्याने रोल क्ष-किरण यंत्रातून जाऊ न देता हाताने तपासण्याची विनंती करावी. रोल बाहेर धुवायला द्यायचा असेल, तर संपूर्ण रोलला एकच डेव्हलपिंग मिळते हे लक्षात घेऊन त्यावर अर्ध्यात वेग बदलू नये, आणि तो कॅमेऱ्यातून काढल्याबरोबर त्याच्या डब्यावर पक्क्या शाईने ‘१६०० वर काढला, दोन स्टॉप पुश’ असे लिहावे. तसे लिहिले नाही तर लॅबमध्ये तो ४०० चा समजून धुतला जातो, आणि रात्रभर टिपलेल्या आख्यानाच्या निगेटिव्ह इतक्या पातळ येतात की त्यांवरून एकही धड प्रिंट निघत नाही.